न ऐकता दाद कशी द्यावी

लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आता जी मंद दिव्यांची मद्यालये थाटली आहेत, त्यांपैकी एखाद्यात प्रयोगशील पॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची संध्याकाळ आहे आणि आपण अवश्य यावे, असे आमंत्रण आले तर गांगरून जाऊ नये. तेथे संगीत कळण्याची अट नसते, आणि थोडी दक्षता बाळगल्यास ते ऐकण्याचा प्रसंगही टाळता येतो.

आठची वेळ दिली असल्यास साडेनऊला पोहोचावे. तेव्हा जे चालू असेल ती ध्वनियंत्रणेची तपासणी आहे की कार्यक्रम, हे ठरवण्याच्या भरीस पडू नये. पेय हाती घेऊन थेट मान डोलवू लागावे. सवाई गंधर्वच्या मांडवात मुरलेल्या मंडळींनी मात्र समेवर हात उचलण्याची सवय घरी ठेवून यावे, कारण येथे सम सहसा येत नाही, आणि आलीच तर यंत्र बिघडल्यामुळे आलेली असण्याचा संभव असतो. टाळ्यांच्या बाबतीत पुढाकार घेणे सर्वांत धोक्याचे. 1952 साली न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे डेव्हिड ट्यूडर हे वादक पियानोसमोर बसले आणि अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची 4 मिनिटे 33 सेकंदांची रचना एकही सूर न वाजवता सादर करून उठले. तेव्हापासून शांतता म्हणजे शेवट, असे छातीठोकपणे कोणालाही म्हणता येत नाही. शेजारच्याने टाळी वाजवल्यावर अर्ध्या सेकंदाने आपण वाजवावी.

पहिल्या कलावतीने चमकत्या वर्खाचे शिरस्त्राण घातलेले असेल आणि आपल्या फ्रिजच्या दाराविषयीची एकच ओळ ती लूप पेडलमध्ये, म्हणजे गायलेले टिपून फिरवत ठेवणाऱ्या पायाखालच्या यंत्रात, पुन्हापुन्हा गाऊन स्वतःच्याच आवाजाचे थर चढवत जाईल. त्यानंतरचा तरुण स्टीलच्या ताटाला त्याची थरथर टिपणारा काँटॅक्ट मायक्रोफोन चिकटवून त्यावर मूठमूठ तांदूळ सांडेल. (हे तांदूळ पुढे कोण निवडते, असा प्रश्न आपल्या संस्कारांमुळे मनात येईलच; तो चेहऱ्यावर दिसू देऊ नये.) तिसरा गृहस्थ प्रेक्षकांकडे पाठ करून मॉड्युलर सिंथेसायझरच्या, म्हणजे सुटे भाग जोडून विजेवर आवाज काढणाऱ्या वाद्याच्या, वायरी एका भोकातून काढून दुसऱ्यात घालत राहील. अशा वेळी डोळे बारीक करून त्याच्या वायरींकडे पाहावे, म्हणजे आपल्याला सिग्नल कोठून कोठे जातो आहे हे उमगते, असा समज आसपास आपोआप पसरतो.

खरा धोका या विचित्रपणात नाही. तो अकराच्या सुमारास येतो, जेव्हा त्या शिरस्त्राणवालीच्या फ्रिजच्या ओळीवर विसावा-पंचविसावा थर चढतो, शब्द विरून जातात आणि अनेक तंबोरे एकदम जुळल्यासारखी एक दाट आस दालनात भरून राहते. त्या क्षणी पोटात काहीतरी हलते. लागलीच मोबाइल काढून चित्रीकरण सुरू करावे. चौकट सरळ करणे, समोरच्याचे डोके टाळणे आणि बॅटरी किती उरली ते पाहणे यांत मन गुंतले की संगीताचा परिणाम पूर्णपणे ओसरतो, असा सर्वांचाच अनुभव आहे. मिलानच्या प्रेक्षकांना 1914 मध्ये ही सोय नव्हती. लुइजी रुसोलो या इटालियन कलावंताने आपली गोंगाटयंत्रे रंगमंचावर आणली तेव्हा त्या बिचाऱ्यांना ती ऐकावी लागली, आणि ऐकल्यामुळे संतापून दंगा करावा लागला.

मध्यंतरात चर्चा अटळ असते. तेव्हा वाद्यांच्या मॉडेल क्रमांकांविषयी बोलावे, सुरांविषयी बोलू नये. वुडस्टॉकला गप्प बसलेल्या त्याच ट्यूडर यांनी 1969 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर बसवून दिला होता, ही माहिती तर कोणत्याही गटात सहज खपते. तेथे भारतीय संगीतकारांनी केलेल्या ध्वनिफिती 2023 मध्ये प्रकाशित झाल्या. मधल्या पन्नास वर्षांत आपल्यापैकी कोणाचे काही अडले नव्हते, हे मात्र बोलून दाखवू नये.

कार्यक्रम आवडला का, असे कोणी थेट विचारलेच, तर आपल्याकडील सिद्ध झालेली पद्धत अनुसरावी. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत. त्यांनी 1982 मध्ये रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-303 (खर्जाचे सूर काढणारे) आणि टीआर-808 (ठेका धरणारे) या यंत्रांवर ललित, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्यांची तबकडी काढली. तीच टीबी-303 शिकागोच्या तरुणांनी पिळून अ‍ॅसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार गाजवला, तो 1987 मध्ये. आपण काय केले? घाई केली नाही. तबकडी पडली, ती पडू दिली, आणि 2010 मध्ये नेदरलँड्समधील एका प्रकाशनाने ती पुन्हा काढून सिंग यांना काळाच्या पुढचे ठरवल्यावर मग आपण अभिमान बाळगला. अठ्ठावीस वर्षे थांबल्यामुळे आपले मत एकदाही चुकले नाही. सिंग 2015 मध्ये वारले, म्हणजे कौतुक पाहायला त्यांना चांगली पाच वर्षे मिळाली.

तेव्हा निघताना दाराशी ती कलावती स्वतःच आपल्या कॅसेटी मांडून बसलेली दिसली, तरी एकही विकत घेऊ नये; घरी ती वाजवायला यंत्र नाही, हे कारण खरे आणि पुरेसे आहे. तिकिटाच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट मात्र तारीख दिसेल असा काढून दोन ठिकाणी जपून ठेवावा. पुढेमागे अ‍ॅमस्टरडॅमहून कोणी विचारत आले, तर आपण तेथे होतो याचा पुरावा लागेल.