फक्त बघायची परवानगी

माझ्या बागेतला दिवा लावायचा किंवा घालवायचा अधिकार परवापासून मला नाही. बायकोला आहे, मुलाला आहे आणि शेजारच्या अण्णांना आहे. मी 'गेस्ट'. गेस्टला दिवा लागलाय की नाही एवढं मोबाइलवर दिसतं. ते खिडकीतूनही दिसतं, पण खिडकीला पासवर्ड लागत नाही, म्हणून त्या दिसण्याला आमच्या घरात किंमत नसावी.

मागणी साधी होती. फाटकापाशी संध्याकाळी अंधार होतो, तिथे एक दिवा आपोआप लागावा. मुलगा म्हणाला, "बाबा, करायचंच आहे तर नीट प्लॅन करून करू." झालं. फाटकाच्या दिव्याला सोबत म्हणून पायवाटेचे दिवे आले, त्यांच्यामागून झाडांवर खालून उजेड टाकणारे आले, मग झाडांना आपोआप पाणी, मग कोपऱ्यातल्या हौदात कारंजं. हे सगळं आखायला एका कंपनीचा तरुण टॅबलेट घेऊन हजर झाला.

"काका, तुम्हाला सीन कुठले हवेत? वेलकम, पार्टी, रिलॅक्स, अवे?"

"अंधार पडला, हा एकच हवा," मी म्हणालो. त्याने काही लिहून घेतलं नाही.

एवढ्यात अण्णा आले. झाडं छाटायची माझी कात्री त्यांनी कधीतरी नेली होती, ती परत करायला आले होते. (कात्री अजून त्यांच्याकडेच आहे. का, ते पुढे येईलच.) टॅबलेट दिसताच त्यांनी खुर्ची ओढली.

"हे दिवे पावसात भिजणार नाहीत का?"

"भिजतील, पण काही होणार नाही, काका. आयपी ६७ आहेत. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे आत धूळ जाणारच नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं बुडाला तरी चालतो."

"आणि एकतिसाव्या मिनिटाला?"

तरुणाने मान वर केली. "कायम पाण्यात राहायचं असेल तर ८ लागतो. कारंज्यात तोच घालू. चांगला प्रश्न विचारलात, काका."

त्याआधी मी विजेचं बिल किती वाढेल असं विचारलं होतं. तो चांगला प्रश्न नव्हता.

"लागणार कधी?"

"सूर्यास्ताला. जागेचे अक्षांश-रेखांश भरले की रोजचा सूर्यास्त अ‍ॅप स्वतःच काढतं."

"ढग आले तर? ते त्याला कोण सांगणार?"

"मग उजेडाचा सेन्सर लावू. अंधारून आलं की दिवा लागेल."

अण्णांनी डोळे मिटले. त्यांनी डोळे मिटले की समोरच्याने थांबायचं असतं, हे त्या परक्या पोरालाही कसं कोण जाणे कळलं.

"दिवा लागला की उजेड होणार."

"हो."

"उजेड झाला की तुमच्या सेन्सरला वाटणार, उजाडलं."

तरुण गप्प.

"म्हणजे दिवा विझणार. विझला की पुन्हा अंधार. पुन्हा लागणार." अण्णांनी डोळे उघडले. "रात्रभर."

"काका, चुकीच्या जागी बसवला तर अगदी असंच होतं!" तो मुलगा जवळजवळ उठून उभा राहिला. "म्हणून तो दिव्याकडे पाठ करून, आकाशाकडे तोंड करून लावायचा." तेव्हापासून तो प्रत्येक वाक्य अण्णांकडे बघून बोलू लागला. बाग माझी, पैसे माझे, खुर्चीही माझी.

मग निघाला माणूस आल्यावर दिवा लावणारा सेन्सर. त्याने समजावलं की तो नुसती हालचाल बघत नाही, अंगाची ऊब इकडून तिकडे सरकली की ओळखतो. त्याच्यासमोरून आडवं जाणारं चटकन कळतं, सरळ त्याच्यावर चालून येणारं उशिरा कळतं.

"म्हणजे चोराने सरळ यायचं," अण्णा म्हणाले. "आणि मांजराचं काय?"

"उंची आणि कोन नीट ठेवला की मांजराला लागत नाही."

"दाखवा."

माझ्या डोळ्यांदेखत सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी कात्री माझ्या हातात दिली, चष्मा खिशात घातला आणि जास्वंदीपाशी जाऊन ते चारी पायांवर उभे राहिले. तरुणाने सेन्सर भिंतीला धरला. अण्णा पाण्याच्या पाइपाच्या दिशेने निघाले. मध्येच थांबून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मांजर पाहतं म्हणून. दिवा लागला.

"दिवा लागणारच," मी म्हणालो. "मांजर एवढ्या धापा टाकत नाही."

"बरोबर," अण्णा तिथूनच म्हणाले. "मांजर एवढं उंचही नसतं. मी पोटावर येतो."

सेन्सरचं तोंड जरा वर केलं गेलं. अण्णा पोटावरून सरकत निघाले. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभी राहिली. तिने काही विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मी असा सरपटलो असतो तर तिने डॉक्टरांना फोन लावला असता. अण्णा पाइपापर्यंत पोचले. दिवा लागला नाही. तरुणाने टाळ्या वाजवल्या. अण्णा उठले, कोपराला चिकटलेलं वाळकं पान झटकलं, माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि पुन्हा खुर्चीत बसले. आमच्या बागेची सुरक्षा आता अशी आखलेली आहे की मांजर आणि अण्णा केव्हाही आत येऊ शकतात.

मी अगदीच अडाणी आहे असं कोणी समजू नये. मी वाचून ठेवलं होतं. असले काही दिवे २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय धरतात, कारण ते भिंतींतून पाच गिगाहर्ट्झच्या मानाने लांब जातं. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी धड बोलत नव्हती, म्हणून २०२२ साली 'मॅटर' नावाचं सामाईक मानक आलं. एवढी तयारी करून मी बसलो होतो. कुणी विचारलंच नाही. उलट त्या मुलाने स्विचबोर्ड उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला आणि "इथे न्यूट्रलची तारच आणलेली नाही, काका" असं म्हणाला, ते माझ्याकडे बघून. चांगल्या प्रश्नांचे काका अण्णा, न्यूट्रल नसलेले काका मी.

खरा घाव पुढे बसला. हे दिवे म्हणे भिंतीवरच्या बटणाने बंद करायचेच नाहीत. बटण बंद केलं की दिव्याची वीज जाते, मग त्याला मोबाइलचं काही ऐकू येत नाही. आणि हे दिवे निरोप एकमेकांकडून पुढे पाठवतात, त्यामुळे मधला एक मेला की पलीकडचेही बहिरे होऊ शकतात. म्हणून बटणावर चिकटपट्टी लावायची.

"मग ह्यांना कसलाच अधिकार देऊ नका," खिडकीतून आवाज आला. "हे येता-जाता दिवे घालवतात."

घालवतो! आयुष्यभर घालवत आलो. वडिलांनी तेच शिकवलं, मी मुलाला तेच शिकवलं, आणि तो मुलगा परवा मान हलवत म्हणाला, "हो, बाबांना गेस्टच ठेवा." रिकाम्या खोलीतला दिवा घालवणं हा कालपर्यंत गुण होता, आता त्याला बिघाड म्हणतात. बरं, हा शहाणा दिवा विझलेला असतानाही हुकमाची वाट पाहत थोडी वीज खातच असतो. ते चालतं. बिल माझ्या नावावर येतं, तेही चालतं. तिथे मला कोणी गेस्ट करत नाही. यात विनोद कुठे आहे हे मला कोणीतरी दाखवून द्यावं.

अण्णांना मात्र पूर्ण अधिकार. "आपण गावाला गेलो तर पाण्याकडे कोण बघणार?" असं मुलाचं म्हणणं. पाणी आपोआप सुटणार म्हणून एवढा खर्च करायचा, आणि ते आपोआप सुटलं की नाही हे बघायला अण्णा.

राहता राहिला रंग. मला २७०० केल्विनचा पिवळसर, मऊ उजेड हवा होता. पांढऱ्या-निळसर उजेडाला किडे जास्त येतात, हे मी सांगून पाहिलं. अण्णांना ६५०० चा पांढराशुभ्र हवा. कारण विचारल्यावर म्हणाले, "तुमच्या फाटकावरचा दिवा आमच्या व्हरांड्यात छान पडतो. पेपर वाचता येईल." यावर तरुणाने तोडगा काढला, दोन्ही रंग देणारा दिवा. नमुन्याचा एक तो फाटकावर लावूनही गेला.

काल रात्री मी झोपायला गेलो तर खोली अशी लख्ख उजळलेली की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचाव्यात. खिडकीच्या जाळीवर शेकडो किडे. उठून बटणापाशी गेलो, तर चिकटपट्टी. ती सोलायला गेलो तर बायको झोपेतूनच "अहो" म्हणाली. मोबाइल उघडला. गेस्टला एक सोय ठेवलेली आहे म्हणे, विनंती पाठवायची. 'दिवा बंद करावा' अशी पाठवली. बायको आणि मुलगा झोपलेले, म्हणजे ती पोचणार एकाच माणसाकडे. फोन लगेच थरथरला.

'विनंती नाकारली. कारण : अग्रलेख व्हायचाय.'