‘श्रीमंताची माळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्यावरच्या माहितीपटाबद्दल मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. आधी माझी चूक कबूल करते. मार्टिन स्कोर्सेसीचा ‘लिव्हिंग इन द मटेरिअल वर्ल्ड’ (२०११) तीन तासांचा आहे असं मी म्हटलं होतं. तो २०८ मिनिटांचा आहे, म्हणजे साडेतीन तासांच्या जवळ. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता तुमचं ते वाक्य. ‘महालात बसून माळ ओढणं हा श्रीमंताचा छंद, आणि गोऱ्या हातात माळ दिसली की तुमच्यासारख्यांना गहिवरून येतं.’ दोन दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही. आपली ओळखदेख नाही. माझा एक लेख वाचलात आणि ‘माझ्यासारख्या’ म्हणजे कोण, हे ठरवून मोकळे झालात. मतभेद जरूर असावेत, पण ही काय बोलण्याची रीत झाली?

मी जपाच्या घरात वाढले. वडील एसटीत कंडक्टर होते. ड्यूटीवरून आले की हातपाय धुवायचे आणि गोमुखीत हात घालून बसायचे. आम्ही भावंडं शेजारी भांडत असलो तरी चालायचं, फक्त त्यांना हाक मारायची नाही. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. हातात माळ नव्हती, सलाइनची सुई होती. तरी अंगठा मधल्या बोटाच्या पेरावरून सरकत राहायचा, मणी ओढल्यासारखा. तासन् तास मी तो अंगठा बघत बसले आहे. खरी माळ कुठली आणि हौसेची कुठली, हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणूनच ३० डिसेंबर १९९९ च्या पहाटेबद्दल मी लेखात इतकं लिहिलं. फ्रायर पार्कमध्ये, म्हणजे जॉर्जच्या इंग्लंडमधल्या घरात, एक माणूस सुरा घेऊन शिरला. जॉर्जची बायको ऑलिव्हिया ते सगळं कॅमेऱ्यासमोर सांगते. त्या माणसाला गोंधळवायला जॉर्ज ‘हरे कृष्ण’ म्हणून ओरडला. मग वार बसले, फुफ्फुसाला भोक पडलं, आणि शेवटी तिनेच हाताला मिळेल त्याने हल्लेखोराला हाणलं. गोंधळवायला ओरडला, मान्य. पण त्या क्षणी तोंडातून शिवीही निघू शकली असती. निघालं ते नाव. जिभेला वर्षानुवर्षांचं वळण असल्याशिवाय ते होत नाही.

आणि तो ‘महाल’. मुलगा धनी (सप्तकातल्या ध आणि नी वरून ठेवलेलं नाव) सांगतो की वडील मध्यरात्रीपर्यंत बागेत काम करायचे, चांदण्यात डोळे बारीक करून, म्हणजे दिवसा डोळ्यांत खुपणारं तण दिसू नये. तुम्हाला त्यात श्रीमंती दिसली, मला चिखलात उभा असलेला माणूस दिसला. १९७३ साली लंडनजवळची एक मोठी हवेली त्याने कृष्णभक्तांना देऊन टाकली. तिथे आजही मंदिर आहे. १९६६ मध्ये मुंबईला येऊन तो रविशंकरांकडे सतार शिकला. १९६८ च्या जानेवारीत पुन्हा आला, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांबरोबर काम केलं. १९९७ मध्ये रविशंकरांच्या मंत्रांच्या अल्बमचा तो निर्माता होता. २००१ मध्ये तो गेला. ३५ वर्षांच्या या नात्याला ‘छंद’ म्हणताना निदान एकदा थांबायचं होतं.

पहिलं लग्न, इतर बायका, अमली पदार्थ, ऑलिव्हिया स्वतःच निर्माती असल्यामुळे हातचं राखून सांगितलेल्या गोष्टी, हे तुमचे उरलेले मुद्दे. माझा लेख त्याबद्दल नव्हता. जॉर्ज संत होता असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

माहितीपटाचा दुसरा भाग ‘चाळला’, असं तुम्हीच लिहिलं आहे. चाळून एवढं बोललात! त्यात बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याची एक आठवण आहे. जॉर्ज स्वित्झर्लंडमध्ये अंथरुणाला खिळला होता, रिंगो भेटायला गेला. रिंगोच्या मुलीला ब्रेन ट्यूमर झाला होता, त्याला बॉस्टनला निघणं भाग होतं. ज्याला उठून बसता येत नव्हतं त्या जॉर्जने विचारलं, मी येऊ का बरोबर? सांगता सांगता रिंगो डोळे पुसतो. तेवढं नीट बघा. मग पुन्हा लिहा, आणि या वेळी स्वतःच्या नावाने लिहा.