चौदा नंबरची चिठ्ठी

काल, म्हणजे ५ डिसेंबर २०२५ला, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक बातमी टाकली होती. २०२६च्या मे महिन्यात व्हिएन्नाला होणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेतून आयर्लंड, स्पेन, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया या चार देशांनी माघार घेतली, कारण गाझातल्या युद्धामुळे वादात सापडलेल्या इस्रायलच्या सहभागावर मतदान घेण्याची गरजच नाही, असे गुरुवारी जिनिव्हातल्या बैठकीत ठरले. धाकटी लेक डब्लिनला असल्यामुळे माझ्यासाठी ही घरचीच बातमी होती. आज सकाळी चहा घेताना त्याखाली आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांचे उत्तर वाचले : "ताई, खेळात आणि गाण्यात राजकारण आणू नये." त्यावर अकरा जणांनी अंगठे उंचावले होते. हातातला चहा गार झाला आणि दिवसभर ते वाक्य डोक्यात खिळ्यासारखे रुतून बसले.

हेच वाक्य मी याच गृहस्थांच्या तोंडून २०१९च्या गणेशोत्सवात ऐकले होते. तेव्हा ते सोसायटीचे सचिव होते आणि मी गायनस्पर्धेची परीक्षक होते. लहान गटात नाव नोंदवलेल्यांमध्ये आमच्या वॉचमनची पाचवीतली मुलगी होती. पंपरूममागच्या खोलीत राहणारे ते कुटुंब, आणि वर्षभर जिन्यात, गेटवर, पाण्याच्या टाकीपाशी गुणगुणणारी ती पोर. तिला चौदा नंबरची चिठ्ठी मिळाली होती. स्पर्धा सुरू होण्याच्या अर्धा तास आधी सचिवांनी यादी मागवली, लाल पेनने चौदावे नाव खोडले आणि सांगितले की स्पर्धा सभासदांच्या कुटुंबीयांसाठीच आहे. कोणीतरी कुरकुर केली, तेव्हा ते म्हणाले, "गाण्याच्या कार्यक्रमात राजकारण नको." पोपटी फ्रॉक घातलेली ती मुलगी हार्मोनियमच्या टेबलापाशी आली, घामाने मऊ पडलेली चिठ्ठी तिने टेबलावर ठेवली आणि ती मंडपाच्या मागच्या बाजूने निघून गेली. पुढे काय झाले ते तुम्ही ओळखले असेलच. मी एक ते तेरा आणि पंधरा ते बावीस असे गुण दिले.

आता युरोव्हिजनविषयी थोडे सांगते, कारण आपल्याकडे अनेकांना ते माहीत नसते. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे अवघ्या सात देशांनिशी ही स्पर्धा सुरू झाली. महायुद्ध संपून तेव्हा अकराच वर्षे झाली होती. नावात युरोप असला तरी प्रवेश नकाशा पाहून मिळत नाही. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या संघटनेत तुमच्या देशाची प्रसारणसंस्था सभासद असावी लागते. त्यामुळे इस्रायल १९७३पासून तिथे गातो आणि २०१५पासून तर सहसभासद असलेला ऑस्ट्रेलियाही निमंत्रणावरून गातो. थोडक्यात, सभासदत्वाचाच मामला. आपल्या देशाला मत देता येत नाही, म्हणून ग्रीस सायप्रसला आणि सायप्रस ग्रीसला बारा गुण देऊन मोकळे होतात. आमच्याकडे बी आणि सी विंग प्रेक्षकपसंतीच्या वेळी नेमके हेच करतात. २०२३पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या लोकांनाही पैसे भरून ऑनलाइन मत देता येते. मी ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या माझ्या दिवाणखान्यात, मध्यरात्री साडेबाराला सुरू होणारी २०२४ची अंतिम फेरी लेकीबरोबर व्हिडिओ कॉल लावून पाहिली आणि आयर्लंडला मत दिले. आयर्लंड सहावा आला. त्या रात्री आमच्या घरात असा काही जल्लोष झाला की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी इंटरकॉम केला.

या स्पर्धेत राजकारण नाही म्हणणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे की २०२२च्या फेब्रुवारीत काय झाले होते? २४ तारखेला रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले आणि २५ तारखेला युरोव्हिजनने रशियाला दार दाखवले. २८ तारखेला फिफा आणि युरोपची फुटबॉल संघटना युएफा यांनी रशियाचे सगळे संघ आणि क्लब निलंबित केले. फुटबॉलच्या जागतिक कारभाऱ्यांना चार दिवस पुरले आणि गाण्याच्या कारभाऱ्यांना एक. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. पण मग गाझाच्या वेळी याच मंडळींना घटना, कलमे, उपकलमे आणि तटस्थता कशी आठवते? आमच्या सचिवांनाही त्या वर्षी नियमावली आठवली होती. पुढच्याच वर्षी, करोनामुळे स्पर्धा ऑनलाइन झाली तेव्हा, समितीतल्याच एकांचा पुण्याचा भाचा "पाहुणा कलाकार" म्हणून गायला आणि बक्षीसही घेऊन गेला. त्या वेळी नियमावली कोणत्या कपाटात होती, हे मी आजतागायत विचारलेले नाही.

हे मान्य करते की यंदा बाझेलच्या स्पर्धेत दुसरी आलेली इस्रायलची गायिका स्वतः ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यातून वाचलेली मुलगी होती आणि तिथली प्रसारणसंस्था म्हणजे तिथले सरकार नव्हे. एकट्या गायिकेला शिक्षा व्हावी, असे मलाही वाटत नाही. पण निदान मतदान तरी घ्या ना! आयर्लंडने ही स्पर्धा सात वेळा जिंकली आहे, स्पेन तर तिच्या सर्वांत मोठ्या पाच देणगीदारांपैकी एक आहे. अशा जुन्या सभासदांनी खुर्ची सोडून उठावे आणि बाकीच्यांनी राजकारण नको म्हणत पुढचा विषय घ्यावा, ही सभा मला ओळखीची वाटते. आमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय असाच पुढे ढकलला जातो.

गाणी निरुपद्रवी असतात, हाही एक गोड गैरसमज आहे. एप्रिल १९७४मधल्या स्पर्धेत पोर्तुगालचे गाणे अवघे तीन गुण मिळवून शेवटच्या क्रमांकात अडकले, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला रात्री तेच गाणे रेडिओवर लागले, ते हुकूमशाही उलथवायला निघालेल्या सैनिकांना दिलेला इशारा म्हणून. त्याच वर्षी आपला टेनिस संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर वर्णद्वेषी राजवटीची दक्षिण आफ्रिका होती. आपण खेळलोच नाही आणि चषक त्यांना देऊन टाकला. शाळेत असताना वडिलांनी ही गोष्ट मला किती अभिमानाने सांगितली होती! त्यांना कोणी म्हटले असते की खेळात राजकारण आणू नका, तर त्यांनी चष्मा काढून त्या माणसाकडे नुसते पाहिले असते.

आणि फार मागे कशाला जायचे? या सप्टेंबरमध्ये दुबईत आशिया चषकात आपल्या क्रिकेटपटूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही, तेव्हा याच ग्रुपवर तिरंग्यांचा पाऊस पडला होता आणि आज मला उपदेश करणाऱ्या गृहस्थांनी सर्वांत आधी टाळ्या पाठवल्या होत्या. खरे सांगायचे तर मीसुद्धा पाठवल्या होत्या. पहलगामची जखम ताजी होती. तेव्हा ते राजकारण नव्हते, भावना होती. भावना नेहमी आपली असते आणि राजकारण नेहमी दुसऱ्याचे.

काल रात्री तर कहरच झाला. साडेदहाच्या सुमारास वॉशिंग्टनमधून २०२६च्या फुटबॉल विश्वचषकाच्या गटवारीचा सोहळा सुरू झाला. अठ्ठेचाळीस संघ, एकशे चार सामने, तीन यजमान देश. मी उत्साहाने बसले होते, कारण या वेळी कुरासाओ नावाचे चिमुकले बेट पात्र ठरले आहे. तिथे जेमतेम दीड लाख माणसे राहतात. २०११च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहरात अठरा लाख होतो आपण! तर ते राहिले बाजूला आणि फिफाच्या अध्यक्षांनी आपल्या पहिल्यावहिल्या शांतता पुरस्काराने डोनाल्ड ट्रम्प यांचा गौरव केला. ट्रम्प यांनी पदक स्वतःच उचलले आणि स्वतःच्याच गळ्यात घातले. त्यांच्याच सरकारने जूनपासून इराण आणि हैतीच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आहे. हे दोन्ही देश विश्वचषकात खेळणार आहेत. खेळाडूंना सूट आहे, पण त्यांच्यामागे ढोल वाजवायला येणाऱ्यांना नाही. राजकीय तटस्थतेची कलमे ज्यांच्या घटनेत आहेत, त्यांनी रंगमंचावर हा समारंभ करायचा आणि कोणी गॅलरीत फलक धरला की त्याला बाहेर काढायचे, हा कुठला न्याय? रागाने मी टीव्ही बंद केला आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावला, कारण अर्जेंटिनाचा गट पाहायचा राहिला होता. असे माझे बाणेदारपण.

आपल्या फुटबॉलविषयी बोलावे तर जीभ जड होते. परवा, ८ डिसेंबरला, भारतीय फुटबॉल महासंघाचा व्यावसायिक करार संपतो आहे, नव्या निविदेला एकही बोली आली नाही आणि इंडियन सुपर लीगचा हंगाम अजून सुरू झालेला नाही. १४ तारखेला मेस्सी वानखेडेवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर, दर्शन देणार आहेत. असो.

हे सगळे मी आजच का लिहिते आहे, ते आता सांगते. आज ६ डिसेंबर. सकाळी मी बहिणीकडे डोंबिवलीला निघाले होते. ठाणे स्टेशनच्या पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे कपडे घातलेली कुटुंबेच्या कुटुंबे, निळे झेंडे, डब्यांच्या पिशव्या, खांद्यावर झोपलेली मुले, सगळे दादरला चैत्यभूमीकडे निघालेले. त्या गर्दीत कोणीतरी "जय भीम, ताई" म्हणाले. पाहते तर आमचा जुना वॉचमन. सोसायटी सोडून त्याला पाच वर्षे झाली, आता ते वर्तकनगरकडे राहतात. शेजारी त्याच्याएवढी उंच झालेली मुलगी उभी होती. ती आता अकरावीत आहे.

मी काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, "अजून गातेस का गं?" ती हसली आणि म्हणाली, "नाही काकू, आता फुटबॉल. लेफ्ट बॅक." २०२२च्या ऑक्टोबरमध्ये शाळेच्या मुलींबरोबर ती नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम फेरी पाहायला गेली होती. स्पेनने कोलंबियाला १-०ने हरवले, तेव्हापासून तिने ध्यास घेतला. मला आठवले की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून आपल्या महासंघाला निलंबित केले होते आणि अकरा दिवस ही स्पर्धा टांगणीला लागली होती. ते अकरा दिवस लांबले असते, तर ही मुलगी त्या दिवशी नेरूळला गेली नसती.

तिने काल रात्रीचा सोहळा तिच्या बाबांच्या मोबाइलवर पाहिला होता. पदकाविषयी ती काही बोलली नाही. हैती ब्राझीलच्या गटात आहे, हे मात्र तिने मला मोठ्या काळजीने सांगितले. त्यांच्या बचावफळीचे कसे होणार, यावर ती दोन मिनिटे बोलत होती, मधेच गर्दीच्या धक्क्याने झेंड्याची काठी सावरत होती. मी माना डोलावत होते आणि मनात मात्र पोपटी फ्रॉक होता. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना सांगावे का, की तुम्ही जिचे नाव खोडले होते ती भेटली? पण यादी त्यांनी खोडली असली, तरी गुणपत्रिकेवर सही माझी होती.

बाहेरून शिकलेले गायक आणून बक्षिसे लाटली जाऊ नयेत म्हणून सोसायट्यांना नियम लागतात, हेही मला ठाऊक आहे. पाचवीतल्या मुलीला तो नियम लावणाऱ्यांचे मला अजून कळत नाही, आणि त्या वेळी खुर्चीवर बसून राहिलेल्या बाईचे तर मुळीच कळत नाही.

खाली दादरची स्लो लोकल लागल्याची घोषणा झाली. तिचे बाबा जिना उतरायला लागले. दोन पायऱ्या उतरून ती वळली.

"काकू, तेव्हा तुम्ही जज होता ना?"

मी हो म्हणाले.

"माझा नंबर चौदा होता," असे सांगून ती बाबांच्या मागे धावली. माझी डोंबिवलीची गाडी तोवर सुटली होती.