झाला एकदाचा ट्रक!

जुना ट्रक दुरुस्त करत असलेल्या माणसाची चारचौघांत फार सोय असते. त्याच्याशी काय बोलावं हा प्रश्न कुणालाच पडत नाही. "काय, झाला का ट्रक?" एवढं विचारलं की भागतं. आपणही "होत आलाय" म्हणून मोकळे. हे उत्तर मी इतकं पुरवून वापरलं की विचारणाऱ्यांची मुलं मोठी झाली आणि तीही तेच विचारू लागली. या अवस्थेत मोठं सुख आहे. आपण काहीतरी भव्य हाती घेतलंय अशी प्रतिष्ठा मिळते आणि ते पुरं करून दाखवा असा तगादा कुणी लावत नाही. शिवाय घरातलं कुठलंही काम "एवढं ट्रकचं उरकू दे" म्हणून परतवता येतं. आमचा बाथरूमचा नळ या एका वाक्याच्या आधारावर गळत होता.

मग एक दिवस ट्रक झाला. तो कसा झाला ते आधी सांगतो, म्हणजे तो झाल्यावर माझं काय झालं ते नीट कळेल.

पिकअप ट्रक ही मुळात कौतुकाने जपायची वस्तूच नव्हे. मोटारी नव्या होत्या तेव्हा ज्यांना माल न्यायचा असे ते मोटारीचा मागचा भाग काढून तिथे फळ्या ठोकत. १९२५ साली फोर्डने मॉडेल टीच्या मागे हौदा कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली आणि लोकांची ठोकाठोक वाचली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये शेवरोलेने आणि पाठोपाठ १९४८ च्या मॉडेलांत फोर्डने, ट्रकला गोल गाल आणि ऐसपैस केबिन दिली. आज ज्यांच्यापुढे पोक्त माणसं हळवी होतात ते बरेचसे चेहरे तिथले. माझा ट्रक याच गोतावळ्यातला, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचा. कंपनीचं नाव सांगत नाही. सत्तर वर्षांचा गंज तिच्या खात्यावर मांडणं शोभत नाही. हे ट्रक विटा, खत, वासरं आणि लाकूड वाहून झिजले आणि भंगारात गेले. त्यांना तेव्हा कुणी झाकून ठेवलं नाही, म्हणून ते थोडे उरले. आणि थोडे उरले म्हणून आता आम्ही त्यांना झाकून ठेवतो.

गंजाचं एक वैशिष्ट्य आहे. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. साहजिकच नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये तो फुगून बसतो आणि दोघांची जन्माची गाठ मारतो. मग तेल सोडा, तापवा, ठोका, पुन्हा तेल सोडा. इतकं केल्यावर बोल्ट येतो. म्हणजे त्याचं डोकं येतं, धड आतच राहतं. ते ड्रिलने कोरून काढायचं आणि कोरताना आजूबाजूचे आटे शाबूत ठेवायचे. आमचे मिस्त्री अशा वेळी बिडी काढत आणि बोल्टकडे बराच वेळ बघत. "साहेब, हा निघणार," ते म्हणत. "आज नाही."

काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायची, अशी शिस्त आम्ही पाळली. पहिल्या काही चिठ्ठ्या एखाद्या संग्रहालयात शोभाव्यात : 'डावं दार, वरची बिजागरी, पुढचा बोल्ट, वॉशरसह'. पुढे पुढे मजकूर आटला : 'डावं?' सगळ्यात शेवटच्या पिशवीवर मिस्त्रींच्या अक्षरात फक्त 'महत्त्वाचं' असं लिहिलंय. ट्रक आज व्यवस्थित चालतो आणि ती पिशवी अजून खिळ्याला टांगलेली आहे.

इंजिन खोललं तेव्हा शिशाचा प्रश्न आला. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हाल्व्हच्या सीटवर, म्हणजे व्हाल्व्ह ज्या कड्यावर टेकतो तिथे, पातळ थर धरायचं, त्यामुळे साध्या बिडाच्या सीटही टिकायच्या. शिसं माणसांना विषारी, तेव्हा ते गेलं हे उत्तमच झालं. फक्त असं इंजिन आता कडक धातूच्या सीट मागतं. रस्त्यावरच्या गाड्यांना शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. "ते तिकडे बंद व्हायच्या आत कडक सीट घालून माझ्या इंजिनचं हेड बसलेलं असेल," असं मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं. २०२१ मध्ये त्यांनी ते बंद केलं. जग माझ्या आधी उरकलं.

रंगाबद्दल लिहीत नाही. घासकागद, प्राइमर, पुन्हा घासकागद. आम्ही सोसलं तेवढं पुरे, वाचणाऱ्याने का सोसावं?

दाराबद्दल मात्र लिहायलाच हवं. दार आणि केबिन यांच्यामधली फट चारही बाजूंनी सारखी हवी, अशी या क्षेत्रात रीत आहे. बिजागरीखाली पत्र्याच्या चकत्या घालत, काढत, शेवटी आम्ही ती सारखी केली. मग चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, इंजिन चढलं. चासी केसभर वाकली आणि फट खाली अरुंद, वर रुंद झाली. पुन्हा चकत्या. मग सीटच्या मागच्या टाकीत पेट्रोल भरलं. पुन्हा चकत्या. सगळं जुळल्यावर मी ऐटीत आत बसलो आणि दार ओढलं, तर ते खालच्या कोपऱ्यात घासलं. मिस्त्रींनी मला उतरवलं, दार लावलं, ते अलगद लागलं. मला पुन्हा बसवलं, पुन्हा घासलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, दार बरोबर आहे."

इंजिन पहिल्यांदा चालू करण्याचा प्रसंग कल्पनेत फार भावुक असतो. प्रत्यक्षात नव्या कॅमशाफ्टला, म्हणजे व्हाल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्याला, भावना चालत नाहीत. जुन्या धाटणीच्या इंजिनात हे उंचवटे, म्हणजे कॅम, आणि त्यांनी उचलले जाणारे टॅपेट एकमेकांवर थेट घासतात. ते एकमेकांना रुळावेत म्हणून इंजिन सुरू होताच त्याला सुमारे दोन हजार आरपीएमवर वीसेक मिनिटं पळवायचं, आणि तेही जस्ताचं प्रमाण जास्त असलेल्या तेलावर. नुसतं आयडलवर गुरगुरत ठेवलं तर कॅमला पुरेसं तेल उडत नाही आणि त्याचे उंचवटे झिजतात. त्यामुळे ज्या क्षणासाठी इतकी वर्षं थांबलो त्या क्षणी मी ॲक्सिलरेटर धरून घामाघूम उभा होतो. एका डोळ्याने तेलाचा दाब आणि दुसऱ्याने पाण्याचं तापमान बघत होतो. आवाज ऐकून शेजारचे काका आले. ते काहीतरी मनापासून बोलत होते, बहुधा अभिनंदनच. मी मान हलवत राहिलो. नंतर कळलं की गाडी गेटसमोरून हलवू का, असं ते विचारत होते आणि मी हो हो म्हणत होतो.

पण खरी परीक्षा ब्रेकची. त्या काळच्या ट्रकमध्ये चारही चाकांचे हायड्रॉलिक ब्रेक पेडलने तेल दाबणाऱ्या एकाच मास्टर सिलिंडरच्या एकाच मंडलावर, म्हणजे तेलनळ्यांच्या एकाच जोडणीवर, चालत. एके ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा राम राम. दोन स्वतंत्र मंडलं सर्रास यायला साठचं दशक संपत आलं. म्हणून नळ्यांमधली एअर काढताना हयगय चालत नाही. रीत सोपी आहे. एकाने पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, ढिला करायचा, तेल आणि बुडबुडे येऊ द्यायचे, निपल आवळायचा, आणि मगच वरच्याने पेडल सोडायचं. तो आवळण्याआधी पेडल सुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. मिस्त्री त्या दिवशी गावाला गेले होते, त्यामुळे पेडलवर बायको होती.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सोडू नकोस."

"सोडलं."

"अगं, सोडू नकोस म्हणालो!"

"अहो, तुमचं 'नकोस' चाकापाशीच राहतं. इथे नुसतं 'सोडू' येतं."

मग आम्ही शब्द बदलले. 'सोड'ऐवजी 'बास' म्हणायचं ठरलं. पण निपलचा पाना निसटून बोटाला लागला तेव्हा माझ्या तोंडून आपसूक "बास, बास" आलं आणि तिने इमानदारीत सोडलं. मग आकडे ठरले : एक म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. ती वर बसून मोबाइलवर बहिणीशी बोलत होती आणि बहिणीने कुठल्यातरी कपाटाला दोन दारं असल्याचं सांगितलं. हिने आश्चर्याने "दोन?" म्हटलं, आणि स्वतःच्याच तोंडचा आकडा ऐकून पाय उचलला.

त्यात ब्रेकचं तेल. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे उघडा डबा ठेवता येत नाही. आणि ते रंग खातं, त्यामुळे सांडता येत नाही. घाईघाईने झाकण लावताना एक थेंब मागच्या मडगार्डवर पडलाच. मी फडकं शोधेपर्यंत नवाकोरा रंग सुरकुतला. बायको खाली उतरून बघत म्हणाली, "एवढे दिवस जुना रंग काढायला घासत होतात, तेव्हा हेच का नाही वापरलं?" जगात काही प्रश्न इतके योग्य असतात की ते विचारणाऱ्याचा राग येतो.

तर अशा रीतीने ट्रक झाला आणि आम्ही फेरी मारली. पहिल्या गियरला सिंक्रोमेश, म्हणजे गियरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबून मध्ये इंजिनचे फेरे वाढवावे लागतात. बॅटरी सहा व्होल्टची. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून वायरी भरपूर जाड घातल्या. तरी रात्रीचे दिवे असे, की समोरच्याला आपण दिसतो, आपल्याला समोरचा दिसेलच असं नाही. वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे ते हवा ओढताना होणाऱ्या पोकळीच्या जोरावर, चालतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर जागच्या जागी थांबतात. उतारावर पाय काढला की साठलेला सगळा उत्साह काचेवर काढतात. पावसात चढ लागला तर अधूनमधून ॲक्सिलरेटर सोडून रस्ता बघून घ्यायचा आणि मग तो लक्षात ठेवून पुढे जायचं. मला हे सगळं मनापासून आवडतं. सोय हवी असती तर नवी गाडी घेतली असती.

फेरी मारून आलो आणि माझी पत उतरली. सगळ्यांनी एकेकदा "वा, छान झालाय" म्हटलं आणि विषय संपला. पूर्वी प्रश्न तरी होता. आता भेटलेला माणूस दोन क्षण थांबतो, काही सुचत नाही म्हणून पावसाबद्दल बोलतो. बायकोने फ्रीजवर कामांची यादी लावली. तिच्यातलं पहिलं कलम नळ, आणि माझ्यापाशी वाक्य उरलं नाही. नळ दुरुस्त झाला. आवराआवर झाल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन नुसता उभा राहतो. कुठे धूळ असली तर पुसतो, नसली तर थोडी बसेपर्यंत वाट बघतो.

अशातच मेहुणीचा फोन आला. "भावोजी, झाला ना ट्रक? ते दोन दारांचं कपाट न्यायचंय."

इथे हौद्याबद्दल सांगायला हवं. अशा ट्रकच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असतो आणि फळ्यांच्या मध्ये पोलादी पट्ट्या असतात. माल त्या पट्ट्यांवरून सरकावा आणि लाकूड झिजू नये, हा त्यांचा हेतू. मूळ फळ्या साध्या लाकडाच्या, कामापुरत्या रंगवलेल्या. आम्ही मात्र ओकच्या बसवल्या, त्यांवर वॉर्निशचे थर चढवले, प्रत्येक थरानंतर घासलं, पट्ट्या स्टेनलेसच्या घातल्या आणि त्या आरशासारख्या चमकवल्या. तिथे एक लोखंडी पायांचं कपाट.

मी कारणं सांगायला लागलो. रंग अजून पुरता वाळला नाही. इंजिन रुळलेलं नाही. बायको शांतपणे म्हणाली, "अर्धा टनी ट्रक आहे ना? म्हणजे साडेचारशे किलो तर सहज. कपाट शंभराच्या आत आहे." माझीच आकडेवारी माझ्यावर उलटली. शेवटी निवाड्याला मिस्त्रींना बोलावलं. ते आले, हौद्यापाशी थांबले, चपला काढल्या आणि मग वर चढले. फळ्यांवरून हात फिरवला. "यात कपाट?" ते म्हणाले. "नाही हो ताई."

भाड्याचा टेम्पो आला. रस्ता दाखवायला म्हणून मी ट्रक घेऊन पुढे निघालो. चढावर टेम्पो कपाटासकट मला मागे टाकून गेला आणि मेहुणीच्या दारात माझी वाट बघत उभा राहिला. कपाट उतरवल्यावर टेम्पोवाल्याने ट्रकभोवती एक चक्कर मारली.

"साहेब, वजन किती घेतो हा?"

"अर्धा टन."

"घेतलंय कधी?"

मी टायरमधली हवा बघण्यासाठी खाली वाकलो. तेवढ्यात मेहुणी बाहेर आली. तिला बहिणीकडे यायचं होतं. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर पर्स. "भावोजी, एवढं तरी मागे ठेवू का?"

मी तिला पिशव्यांखाली घालायला मऊ फडकं दिलं.