भोवरी, काढा आणि टी-पेशी

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज आठवड्यात तीनदा आला: ‘चामडीचा कॅन्सर हा गोऱ्यांचा रोग. आपल्याला झालाच तर शरीरातल्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याला खाऊन टाकतात. गुळवेलीचा काढा घेऊन ताकद वाढवा, सुरी लावू नका. लावली की पसरतो.’ पाठवणारे आपलेच काका-मावश्या आहेत, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

‘गोऱ्यांचा रोग’: त्यांना जास्त होतो, हे खरं. पण मेलॅनोमा, म्हणजे चामडीचा काळ्या डागासारखा दिसणारा घातक कॅन्सर, आपल्याकडे बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली निघतो, म्हणजे ऊन फारसं पोचतच नाही तिथे. माझ्या आत्याच्या टाचेवर काळा डाग होता. वर्षभर ती भोवरी समजून ब्लेडनं तासत राहिली. जन्म पऱ्हाटीत अनवाणी गेलेला, काटा मोडला असेल म्हणून आम्हीही पाहिलं नाही. डागाच्या कडा वेड्यावाकड्या पसरल्या, तेव्हा कुठे नागपूरला नेलं. शिवाय परकराच्या नाडीनं कमरेला वर्षानुवर्षं काच पडून चिघळलेल्या जखमेतही त्वचेचा कॅन्सर होतो. वर्ध्याच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशी रुग्ण नोंदवली आहे.

‘टी-पेशी खातात’: खात नाहीत. मारेकरी टी-पेशी कॅन्सरच्या पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनानं तिला भोकं पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची दुसरी प्रथिनं आत सोडून तिला मरायला लावते. हे रोज चालतं, पण नेहमी जमत नाही. जागलीला बसलेला माणूस रानडुकराला हाकलेल. घरचाच बैल पिकात शिरला तर अंधारात त्याला तो ओळखीचा वाटतो. कॅन्सर हा तसा घरचा बैल. वर तो टी-पेशीच्या अंगावरचा पीडी-1 नावाचा ब्रेकही दाबून धरतो.

‘काढ्यानं ताकद वाढवा’: म्हणजे ब्रेक दाबलेल्या ट्रॅक्टरला डिझेल पाजणं. पीडी-1 जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये सापडलं. सीटीएलए-4 या दुसऱ्या ब्रेकवर अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांनी काम केलं. दोघांना 2018 चं नोबेल मिळालं. ब्रेक सोडवणारी इंजेक्शनं आज मेलॅनोमावर दिली जातात. पण ब्रेक सुटला की टी-पेशी कधी आतड्यावर, थायरॉइडवरही धावून जातात. ‘प्रतिकारशक्ती वाढवणं’ इतकं निरुपद्रवी नसतं. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापलं, आयुष मंत्रालयानं ते नाकारलं. तो वाद चालू दे. काढ्यानं मेलॅनोमा बरा होतो, असं मात्र कोणी दाखवलेलं नाही. आणि तळपायाच्या मेलॅनोमात उन्हानं झालेले जनुकीय बिघाड कमी, म्हणून टी-पेशींना ओळखायला खुणाही कमी. इंजेक्शनंसुद्धा तिथे तितकी लागू पडत नाहीत. म्हणजे ज्या आजारात ‘शरीर बघून घेईल’ म्हणायला सगळ्यात कमी जागा, तोच आपल्या वाट्याला.

‘सुरी लावली की पसरतो’: तपासणीसाठी डाग काढल्यानं मेलॅनोमा पसरत नाही. लोक उशिरा जातात, तोवर तो पसरलेला असतो आणि नाव सुरीचं होतं. आत्याच्या टाचेला सुरी लागली, त्याआधीच तिच्या जांघेत गाठ आली होती.