मुक्काम पोस्ट व्हॅन

"बंगला सोडून गाडीत झोपणार? ऊसतोडीला निघालाईस व्हय लेका?" घरच्या ग्रुपवर तात्यांनी मला विचारलं आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मूळ वाद चुलतभावाचा. त्याला जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून पन्हाळा-आंबोलीकडं पर्यटक फिरवायचेत. राज्य सरकारनं कॅराव्हॅन धोरण 2021 मध्येच आणलंय, हे त्यानं सांगून पाहिलं. मी मध्ये पडलो. आम्हीही इथं न्यूझीलंडमध्ये जानेवारीत ऑकलंडहून व्हॅननंच फिरायला निघतोय, वेलिंग्टन-पिक्टन फेरीबोटीचं बुकिंगसुद्धा झालंय म्हणालो, तर सगळे माझ्यावरच घसरले.

मग लांबलचक उत्तर टाकलं. इथं वाट्टेल तिथं फुकट मुक्काम ठोकता येत नाही. व्हॅनला हिरवं वॉरंट, म्हणजे गाडीत सगळी सोय असल्याचा दाखला, लागतं. संडास गाडीतच पक्का बसवलेला हवा, माणशी रोज चार लिटर धरून तीन दिवसांचं पाणी हवं, सांडपाण्याची टाकी हवी, आणि ती डंप स्टेशनवर, म्हणजे घाण ओतायच्या ठरलेल्या जागीच रिकामी करायची. नाहीतर दंड. रंकाळ्यावर भेळेचा कागद कुठंही टाकला तरी कोण विचारतंय, हेही ठोकून दिलं. ती भेळ आठवून तोंडाला पाणी सुटलं होतं, ते लिहिलं नाही.

तात्या म्हणाले, "म्हंजे आपला संडास आपणच उपसायचा, आन् वर पैसं बी द्यायचं."

शिवाय बंगला कुठला? आम्ही भाड्याच्या युनिटमध्ये राहतो. फोटोत मागं दिसतो तो शेजाऱ्याचा.

पण बोचला तो ऊसतोडीचा शब्द. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेताकडेला बीडकडच्या टोळ्या उतरायच्या. पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने संसार. त्यांची पोरं विहिरीवर पाण्याला आली की आम्ही कडेला उभं राहून बघत बसायचो, जसं तात्या आता मला बघतात. इथंही आमच्या मैदानापाशी एक व्हॅन महिनोन्महिने उभी असते. त्यातला माणूस पहाटे मजुरांचं चमकणारं हाय-व्हिज जाकीट घालून कामाला जातो, कारण भाडं परवडत नाही. हेही ग्रुपवर सांगितलं नाही. तात्यांच्या हातात कोलीत कशाला द्या?

रात्री आईचा वेगळा मेसेज आला. "तिकडं गाडीत गारठा लागंल. तुझी वाकळ पाठवू का? तुझ्या खोलीत आता ठिबकच्या नळ्या ठेवल्यात, म्हणून माझ्या ट्रंकेत घातलीया."

पाठव म्हणालो. घरी जानेवारी म्हणजे थंडी. इथं तेव्हा ऐन उन्हाळा असतो, ते तिला सांगितलं नाही.