रिस्टार्ट म्हणजे हीटिंग, हे कुणी ठरवलं?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीनदा आला. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा कॉलेजच्या बॅचच्या, आणि मग मेहुण्याने "तुझ्या कामाचं आहे" म्हणून वेगळा धाडला. मेसेजचा सारांश असा: ओव्हरक्लॉक केलेला (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेला) जुना पीसी आपोआप रिस्टार्ट होत असेल तर शंभर टक्के हीटिंग. प्रोसेसरवरची पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदला. तरी थांबलं नाही तर व्होल्टेज थोडं वाढवा. ओव्हरक्लॉक इतकी वर्षं चालला, म्हणजे दोष त्याचा नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर 41 दिसलं की एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेला. यूपीएस असेल तर लाइटचा संबंध नाही. शेवटी फॉरमॅट मारा, रॅम खोडरबराने घासा, सेल बदला.

यातल्या प्रत्येक उपायाने कुणाचा तरी पीसी कधी तरी बरा झाला असेल. पण एवढ्या लांब यादीत "आधी ओव्हरक्लॉक काढून चार दिवस वापरून बघा" हे फुकटचं वाक्य कुठेच नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

"शंभर टक्के हीटिंग"

मे महिन्यात नाशिक चाळिशीला टेकलं की हे कुणालाही पटतं. पण प्रोसेसर तापल्यावर काय करतो ते बघा. इंटेलचा 2011 सालचा कोअर आय5-2500के घ्या, कारण माझ्यासमोर येणारी ओव्हरक्लॉकवाली जुनी मशिनं बहुतेक त्याचीच असतात. तापमान शंभरीच्या आसपास गेलं की तो आधी स्वतःचा वेग उतरवतो, मशीन रडतखडत चालायला लागतं. तरीही पारा चढत राहिला तर मशीन बंद करतो, आणि ते सहसा बटण दाबेपर्यंत बंदच राहतं. क्षणात पडदा काळा आणि लगेच बोर्डाचा लोगो, हे लक्षण निराळं.

पंचवटीत माझा एक मित्र लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं करतो. त्याच्याकडे हाच प्रोसेसर, मूळ 3.3 गिगाहर्ट्झचा, 2012 पासून 4.5 वर. डिसेंबरातल्या सकाळी, अंगावर स्वेटर असताना, मशीन रिस्टार्ट व्हायला लागलं. प्रोसेसरचं तापमान 34 अंश! तरी त्या मेसेजच्या भरवशावर त्याने दोनदा पेस्ट बदलून घेतली होती.

हीटिंगच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करतो. प्रोसेसरशेजारी बोर्डावर व्होल्टेज बनवणारे भाग असतात, ज्यांना व्हीआरएम म्हणतात. प्रोसेसरसोबत येणारा कंपनीचा पंखा खाली वारा मारतो, तो त्यांनाही मिळतो. उंच टॉवर कूलर किंवा पाण्याचा कूलर बसवला की प्रोसेसर गार आणि व्हीआरएम भाजतंय, असं होऊ शकतं. कित्येक जुन्या बोर्डांवर त्याचं तापमान दाखवणारा सेन्सरही नसतो. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावून बघा. फरक पडला तर पेस्टचा विषय सोडून हवेकडे वळा.

"इतकी वर्षं चालला, म्हणजे दोष त्याचा नाही"

पूर्ण मेसेजमधलं सगळ्यात फसवं वाक्य हेच. ओव्हरक्लॉक म्हणजे कंपनीने राखून ठेवलेली ढिलाई आपण वापरून टाकणं. चिप वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेजवर आणि गरम चालली की आतले ट्रान्झिस्टर आणि बारीक तारा हळूहळू झिजतात, आणि त्याच वेगासाठी तिला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागायला लागतं. बायोसमधला (बोर्डाच्या सेटिंग्जमधला) आकडा 2012 चाच, चिप मात्र तेव्हाची राहिलेली नाही.

मित्राच्या मशीनचं कोडं इथेच सुटलं. त्यावर प्राइम95 हा प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम दोन तास चालवला, काही झालं नाही. सगळे म्हणाले, मशीन ठणठणीत आहे. पण रिस्टार्ट व्हायचं कधी? तो गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत असायचा आणि माऊस हलतसुद्धा नसायचा तेव्हा. रिकामं असताना हा प्रोसेसर 1.6 गिगाहर्ट्झवर उतरतो आणि व्होल्टेजही खाली आणतो. ज्याने ओव्हरक्लॉक करून दिला होता त्याने व्होल्टेज ऑफसेट पद्धतीने (चिप मागेल त्यात ठरावीक आकडा मिळवून), उणे आकडा देऊन बसवलं होतं. तो उणे आकडा पूर्ण वेगाला सोसत होता. चिप झिजल्यावर रिकाम्या वेळी, आधीच खाली आलेल्या व्होल्टेजला तोच जड जायचा. म्हणजे ताण दिला की पास, निवांत सोडला की नापास. ताण देऊन घेतलेली चाचणी हे कधीच पकडणार नाही.

"व्होल्टेज थोडं वाढवा"

थोडं म्हणजे किती, याचा हिशेब मांडू. प्रोसेसर खातो ती वीज साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. 3.3 चा वेग 4.5 केला तर 1.36 पट. व्होल्टेज 1.2 चं 1.35 केलं तर त्याचा वर्ग सुमारे 1.27 पट. गुणाकार 1.73. पावणेदोन पटीच्या जवळ गेलेला हा भार तेरा-चौदा वर्षं जुना व्हीआरएम आणि तेवढाच जुना एसएमपीएस वाहतोय. त्यावर आणखी व्होल्टेज चढवलं की महिनाभर बरं वाटतं, झीज वाढते, आणि पुन्हा वाढवायची वेळ येते. मित्राचा ऑफसेट मी शून्यावर आणला, मल्टिप्लायर 45 चा 42, म्हणजे वेग 4.5 चा 4.2 केला. त्याला कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये, फरक कळलेला नाही.

"कर्नल-पॉवर 41 म्हणजे एसएमपीएस गेला"

41 ची नोंद मशीन पुन्हा उठल्यावर होते. अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. हा पंचनामा आहे, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. लाइट गेली तरी 41, बटण दाबून धरलं तरी 41.

नोंद उघडून डिटेल्समध्ये बगचेककोड (विंडोज कोसळताना येणाऱ्या निळ्या पडद्याचा नंबर) बघा. तो आकडा दशमानात असतो. 292 असेल तर तोच षोडशमानात 0एक्स124, म्हणजे प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरची चूक कळवली. ओव्हरक्लॉकवाल्यांनी हे देवाचं बोलावणं समजावं. शून्य असेल तर विंडोजला निळा पडदा नोंदवायलाही वेळ मिळाला नाही. तिथे एसएमपीएस, बोर्ड, लाइट आणि पुन्हा ओव्हरक्लॉक, सगळेच संशयित. त्याच लॉगमध्ये व्हिया-लॉगर (WHEA-Logger), म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी, शोधा. मित्राच्या मशीनमध्ये तिथे 19 नंबरचे पिवळे इशारे चार महिन्यांपासून पडून होते: "चूक झाली, सुधारून घेतली." रिस्टार्ट त्यानंतर सुरू झाले.

आणि सिस्टम प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथली "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"ची टिक काढा. ती मुळात लावलेलीच असते, त्यामुळे निळा पडदा आला तरी वाचायच्या आत पळतो.

एसएमपीएस निर्दोष असतो असं मी म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या घरच्या मशीनचा होता. थंडीत सकाळी पहिल्या दहा मिनिटांत दोन-तीनदा रिस्टार्ट, मग दिवसभर शांत. एसएमपीएसमधल्या सुकत चाललेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध गारठ्यात आणखी वाढतो, गरम झाला की उतरतो. मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्टची लाइन 12.05 दाखवत होती, म्हणजे 11.4 ते 12.6 या मर्यादेत अगदी मधोमध. पण मीटर सरासरी दाखवतो, क्षणाचा गोता त्याला दिसत नाही. शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणला तेव्हा खात्री पटली.

"यूपीएस आहे, लाइटचा संबंध नाही"

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. लाइन तुटल्यावर एसएमपीएसने पूर्ण भारावर किती वेळ तग धरावा याचं रूढ माप 16 मिलिसेकंद आहे, तेही नवा असताना. स्वस्त यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो, त्याची बॅटरी मेलेली असेल तर जातच नाही. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो, पंखा-ट्यूबला तो चालतो, पीसीला चालत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. रिस्टार्टच्या क्षणी खोलीतला दिवा मिचकला का, राउटरही उठून बसला का?

"फॉरमॅट मारा, रॅम घासा"

फॉरमॅटआधी बायोसच्या पडद्यावर मशीन तासभर तसंच ठेवा. तिथे रिस्टार्ट झालं तर विंडोज सुटलं. डळमळीत ओव्हरक्लॉकवर नवीन विंडोज टाकलं तर फाइली लिहितानाच बिघडू शकतात, ते वेगळंच. रॅम काढून, पाय पुसून पुन्हा बसवणं मात्र खरंच कामाला येतं, हसू नका. पण त्यानंतर मेमटेस्ट86 ही रॅमची चाचणी रात्रभर चालवा.

"सेल बदला"

बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला तर घड्याळ मागे पडतं, सेटिंग्ज विसरतात. चालू मशीन त्याने रिस्टार्ट होत नाही. मग सेल बदलल्यावर कित्येकांचं थांबतं ते कसं? सेल काढला की जुन्या बोर्डांवर बायोस बहुधा मूळपदावर जातं आणि ओव्हरक्लॉक आपोआप निघून जातो. जे काम बायोसमधल्या "लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स"ने फुकटात होतं तेच झालं, श्रेय सेलला. (त्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. काही बोर्डांवर डिफॉल्टला साटाचा (हार्डडिस्क जोडणीचा) मोड एएचसीआयवरून आयडीईवर जातो, मग विंडोज उठतच नाही आणि घाबरगुंडी उडते.)

मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "अरे, पण मी सेल बदलला, पंधरा दिवस मस्त चाललं, मग परत सुरू." मध्ये काय केलंस, विचारलं. "काही नाही, स्पीड कमी वाटत होता म्हणून 4.6 वर नेला."